नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी दिल्लीत काय बघावं?

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. त्या सातवी-आठवीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतात, शाळा तालुक्याच्या गावापासून बरीच आत. मुलांना दिल्लीला नेणं पालकांना परवडणारं नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत स्वतः चार दिवस जाऊन संसद, राष्ट्रपती भवन आणि सर्वोच्च न्यायालय बघून यावं, असं त्यांनी ठरवलं आहे. त्या विचारतात: काय बघू, कसं बघू आणि परत आल्यावर वर्गात त्याचं काय करू?

ताई, मी ३१ वर्षं हाच विषय शिकवला. दिल्लीला सात वेळा गेलो, त्यातल्या तीन वेळा मुलांना घेऊन. पहिल्या सहलीत दोन दिवसांत चौदा ठिकाणं केली होती. परत आल्यावर मुलांना निबंध लिहायला सांगितला, तर बहुतेकांनी मेट्रोच्या सरकत्या जिन्याबद्दल लिहिलं. मुलांचं काहीच चुकलं नव्हतं. त्या जिन्यावर त्यांना स्वतःच्या पायांनी काहीतरी करायला मिळालं होतं, बाकी सगळीकडे मी त्यांना नुसतं रांगेत चालवलं होतं. त्यानंतर मी ठिकाणं कमी केली आणि प्रत्येक ठिकाणी करायचं काम वाढवलं. तुम्ही एकट्या जाणार असलात तरी माझा सल्ला तोच आहे: तीन इमारती आणि एक घर, बस्स. आठवीच्या पुस्तकातला क्रम आठवा. भारताची संसद, मग केंद्रीय कार्यकारी मंडळ, मग न्यायव्यवस्था. हे तिन्ही धडे दिल्लीत तीन-चार किलोमीटरच्या टापूत दगडात उभे आहेत. ते पायी जोडून बघा.

आधी तारखांचं बोलू. दिवाळीची सुट्टी या कामाला सोयीची नाही. संसद तेव्हा सहसा बंद असते, आणि त्या दिवसांत दिल्लीची हवा इतकी वाईट असते की चालणं नको होतं. हिवाळी अधिवेशन साधारण नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला भरतं, अर्थसंकल्पी अधिवेशन जानेवारीच्या शेवटी. जानेवारीत मात्र जाऊ नका. प्रजासत्ताक दिनाच्या तालमींमुळे रस्ते अडवलेले असतात, आणि उत्तरेतल्या धुक्यानं गाड्या तासन्‌तास लेट होतात. मला सगळ्यात चांगला वाटतो फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. सभागृह चालू असतं, राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यान साधारण त्याच सुमारास लोकांना खुलं होतं आणि थंडी सोसवते. किरकोळ रजा टाकावी लागेल, पण टाका. गुरुवारी संसद, शुक्रवारी रायसीना टेकडी आणि राष्ट्रपती भवन, शनिवारी सर्वोच्च न्यायालय, रविवारी अलीपूर रोडवरची बाबासाहेबांची जागा, असा बेत जमतो. सोमवार धरू नका, बरीच ठिकाणं बंद असतात.

लोकसभेच्या प्रेक्षक गॅलरीचा पास खासदारांच्या शिफारशीवर मिळतो. तुम्हाला ओळखत असल्याची हमी त्यांनी द्यायची असते. त्यामुळे तुमच्या मतदारसंघाच्या खासदारांच्या कार्यालयात महिनाभर आधी मुख्याध्यापकांचं पत्र, आधारची प्रत आणि नेमकी तारीख घेऊन जा. ‘शाळेसाठी’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी आदरानं ऐकून घेतात, असा माझा अनुभव आहे. १३ डिसेंबर २०२३ ला गॅलरीतून दोघांनी सभागृहात उड्या मारल्या, तेव्हापासून तपासणी आणखी कडक झाली आहे. मोबाईल, कॅमेरा, पर्स काहीही आत नेता येत नाही. याचा अर्थ असा, की जे आणायचं ते डोळ्यांत आणि कानांत भरून आणायचं. बाहेर आल्याबरोबर पहिल्या बाकावर बसून वहीत उतरवून काढा, जेवायच्याही आधी. राष्ट्रपती भवनाची वेळ त्यांच्या संकेतस्थळावरून आगाऊ घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालय शनिवारी मार्गदर्शकासह बघता येतं, पण त्यालाही ऑनलाइन नोंदणी लागते आणि प्रत्येक शनिवार चालू नसतो. या तिन्ही तारखा हातात आल्यावरच रेल्वेचं तिकीट काढा.

आता खरं काम. ते निघायच्या आधी घरी बसून करायचं आहे.

संविधान सभेतली भाषणं छापलेली आहेत, बारा खंडांत, आणि लोकसभेच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. सगळी कोण वाचणार? फक्त दोन दिवसांची वाचा: १६ आणि १७ डिसेंबर १९४६. सभेचं काम ९ डिसेंबरला सुरू झालं होतं. मुस्लिम लीगचे सभासद आलेच नव्हते, संस्थानांचे प्रतिनिधी यायचे होते. १३ तारखेला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला, पुढे ज्याच्यातून आपली उद्देशिका आली तोच. १६ तारखेला मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर उठले आणि म्हणाले, जे आले नाहीत त्यांची वाट बघूया, ठराव पुढे ढकलूया. काँग्रेसच्या सभासदांना हे रुचलं नाही. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी अचानक डॉ. आंबेडकरांचं नाव पुकारलं. बाबासाहेबांच्या भाषणाची सुरुवातच अशी आहे, की माझ्या आधी वीस-बावीस जण आहेत, माझी पाळी आली तर उद्या येईल, असं मला वाटलं होतं. तयारी नसताना ते बोलले, आणि त्यांनी जयकरांची बाजू उचलून धरली. आपली अडचण शेवट काय व्हावा याची नाही, सुरुवात कशी करावी याची आहे, असं ते म्हणाले. सगळ्यांना बरोबर घेऊन निघायचं असेल तर थोडं थांबावं लागेल. ठराव खरोखरच लांबला आणि २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला.

सातवीच्या पोरांना हे मराठीत सांगून बघा, ताई. वर्गात सहलीचा बेत ठरतोय आणि निम्मी मुलं गैरहजर आहेत, तर ठरवून टाकायचं की थांबायचं? हात वर करतील, भांडतील. मग सांगा की हाच प्रश्न एका मोठ्या गोल दालनात खूप मोठ्या माणसांना पडला होता, आणि ते दालन बघायला मी दिल्लीला चालले आहे. मुलांनी प्रत्येकी एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावा. त्या चिठ्ठ्या बरोबर न्या. माझ्या एका विद्यार्थिनीनं लिहिलं होतं, ‘भाषण लांबलं तर त्यांना घंटा देतात का?’ ही एक चिठ्ठी खिशात असल्यामुळे मी गॅलरीत तासभर अध्यक्षांच्या आसनाकडे जितकं नीट बघितलं, तितकं आधी कधी बघितलं नव्हतं.

संसदेत जाताना लोकसभेचा सकाळी ११ चा पास मागा. लोकसभेत ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास असतो. राज्यसभेत तो १२ ला सुरू होतो आणि शून्य प्रहर, म्हणजे तातडीचे विषय मांडायचा वेळ, आधी होतो. राष्ट्रपतींच्या अभिभाषणाच्या आणि अर्थसंकल्पाच्या दिवशी हा तास नसतो, ते दिवस टाळा. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न लावलेले असतात, म्हणजे ज्यांची उत्तरं मंत्र्यांनी उभं राहून तोंडी द्यायची. त्यांची यादी आधी संकेतस्थळावर येते. ती उतरवून घ्या आणि महाराष्ट्रातल्या ४८ खासदारांपैकी कुणाचा प्रश्न आहे ते हेरून ठेवा. कांदा, साखर, रेल्वेमार्ग, पीकविमा यातलं काही निघालं तर तुमच्या मुलांच्या ओळखीचं निघेल. सभासद मराठीतही बोलू शकतात, लगेच भाषांतराची सोय आहे. हे मुलांना जरूर सांगा. आपल्या गावचं माणूस आपल्या भाषेत तिथे बोलू शकतं, हे ऐकून मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात.

गॅलरीतून काय बघायचं? मंत्री बोलताना सगळे मंत्र्यांकडे बघतात. तुम्ही मधल्या टेबलाकडे बघा. तिथे बसलेले प्रतिवेदक शब्दन्‌शब्द टिपत असतात आणि दर काही मिनिटांनी एक जण गुपचूप उठून जातो, दुसरा त्याच्या जागी बसतो. तुम्ही १९४६ चं भाषण आज वाचू शकता ते अशाच कुणामुळे. गोंधळ झाला आणि कामकाज तहकूब झालं तर मनाला लावून घेऊ नका. माझ्याबरोबर मुलं असताना एकदा असंच झालं, आम्ही दहा मिनिटांत बाहेर. बाहेर आल्यावर मुलांनी मला धारेवर धरलं, आणि मला प्रामाणिक उत्तर द्यावं लागलं: असं होणं चांगलं नाही, पण संसद म्हणजे तेवढंच नाही. विभागांशी संबंधित २४ स्थायी समित्या आहेत. सगळ्या पक्षांचे सभासद तिथे टेबलाभोवती बसून विधेयकं आणि मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या तपासतात. ते गॅलरीतून दिसत नाही, म्हणून तुम्हीच सांगायला हवं.

ही नवी इमारत. २८ मे २०२३ ला उद्घाटन झालेली, त्रिकोणी, लोकसभेत ८८८ आसनं. तिच्यातलं सागवान नागपूरकडचं आहे, विदर्भातल्या शाळा असतील तर त्यांना याचं अप्रूप वाटेल. पण तुमचं मन शेजारच्या जुन्या गोल इमारतीकडे लागलेलं असेल, आणि ते बरोबरच आहे. तिला आता संविधान सदन म्हणतात. ती आतून बघायला मिळेलच असं धरून चालू नका. खासदारांच्या कार्यालयातून विचारून ठेवा, मिळालं तर भाग्य. नाही मिळालं तरी बाहेरून जे दिसतं त्यावर दोन तास शिकवता येईल.

याचं कारण फार कमी पुस्तकांत येतं. १९११ च्या दरबारात राजधानी कोलकात्याहून दिल्लीला हलवायचं जाहीर झालं आणि लट्यन्स व बेकर या ब्रिटिश वास्तुकारांनी नवी दिल्ली आखली, तेव्हा त्या आराखड्यात संसद नव्हतीच. मधोमध व्हाईसरॉयचं घर, म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन, त्याच्या पुढ्यात दोन सचिवालयं, समोर सरळ जाणारा राजरस्ता. राज्य करायला एवढं पुरे होतं. १९१९ च्या सुधारणांनी मोठं केंद्रीय विधिमंडळ आलं, तेव्हा त्यांना बसवायचं कुठे हा प्रश्न उभा राहिला आणि एका कोपऱ्यात ही गोल इमारत आली. १२ फेब्रुवारी १९२१ ला ड्यूक ऑफ कॅनॉटच्या हातून कोनशिला, १८ जानेवारी १९२७ ला लॉर्ड आयर्विनच्या हातून उद्घाटन. नकाशा काढून मुलांपुढे धरा आणि विचारा: मधोमध कोण आहे, बाजूला कोण आहे? आणि आज आपल्या संविधानात मधोमध कोण आहे? इमारती जागच्या हलल्या नाहीत, सत्ता हलली. मला हा धडा कुठल्याही व्याख्येपेक्षा मोलाचा वाटतो.

इमारतीचे आकडे पाठ करून जा, पुढे कामाला येणार आहेत. व्यास ५६० फूट, बाहेरच्या सज्जाला १४४ खांब, प्रत्येक खांब २७ फूट उंच. मधल्या सेंट्रल हॉलच्या घुमटाचा व्यास ९८ फूट. संविधान सभा ज्या दालनात बसली ते हेच. ९ डिसेंबर १९४६ ला इथे २०७ सभासद हजर होते. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री हंसा मेहतांनी भारतातल्या स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज सभेला अर्पण केला तो इथेच, आणि २४ जानेवारी १९५० ला २८४ सभासदांनी संविधानावर सह्या केल्या त्याही इथेच. जुन्या लोकसभेच्या दालनात त्याआधी केंद्रीय विधिमंडळ भरे. ८ एप्रिल १९२९ ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी तिथल्याच प्रेक्षक गॅलरीतून बॉम्ब टाकले. आणि तिसऱ्या दालनात, जिथे संस्थानिकांची सभा बसायची, तिथे २८ जानेवारी १९५० पासून १९५८ पर्यंत सर्वोच्च न्यायालय चाललं. एका छपराखाली कायदे करणारे आणि कायद्याचा अर्थ लावणारे. आठवीला ‘सत्ताविभाजन’ शब्द शिकवताना हे सांगितलं की मुलं लगेच विचारतात, मग भांडणं व्हायची नाहीत का? तिथून धडा आपोआप पुढे जातो.

कुणीतरी तुम्हाला सांगेलच की ही इमारत मुरैना जिल्ह्यातल्या मितावलीच्या चौसष्ट योगिनी मंदिरावरून घेतली आहे. दोन्ही गोल आहेत, फोटो शेजारी ठेवले की पटतंही. पण लट्यन्स किंवा बेकरनं तसं म्हटल्याचा लेखी पुरावा मला आजवर कुणी दाखवलेला नाही. मुलांना हे असंच सांगा. सारखं दिसणं आणि पुरावा असणं यात फरक आहे, हे इतिहासाच्या तासाला शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

संसदेच्या आवारात जायला मिळालं तर प्रेरणा स्थळावर थांबा. आवारातले पुतळे २०२४ मध्ये तिथे एकत्र आणले आहेत. ध्यानस्थ बसलेले गांधीजी राम सुतारांनी घडवलेले आहेत, शिवाजी महाराजांचा पुतळाही त्यांचाच. सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांचं घराणं मूळचं रत्नागिरीतल्या संगमेश्वर भागातलं. मराठी माणसांचा अभिमान मिरवायला हे सांगत नाही. खेड्यातल्या मुलाला दिल्ली परकी वाटते, ती जवळ आणायला एखादं ओळखीचं गाव लागतं.

दुसऱ्या दिवशीची सकाळ रायसीना टेकडीला द्या, आणि ती पायी करा. इंडिया गेटजवळून कर्तव्य पथानं पश्चिमेकडे चालायला लागा. लांबून राष्ट्रपती भवन नीट दिसतं: खांब, पायऱ्या, घुमट. जसजसे जवळ जाल तसतसं ते खाली बुडायला लागतं. आधी पायऱ्या जातात, मग खांब. विजय चौकात पोचलात की समोर फक्त चढ आणि चढाच्या कडेवर टेकलेला घुमट उरतो. इतकं मोठं घर जमिनीनं गिळल्यासारखं होतं. चढून वर गेलात की ते पुन्हा उगवतं. लट्यन्सला व्हाईसरॉयचं घर सगळीकडून दिसायला हवं होतं. बेकरला आपली दोन्ही सचिवालयं त्याच टेकडीवर, त्याच पातळीवर हवी होती, त्यामुळे घर मागे सरकलं आणि चढाचा उतार आड आला. कागदावर सही करताना लट्यन्सच्या हे लक्षात आलं नाही. पुढे दोघांचं कायमचं बिनसलं आणि लट्यन्स या पराभवाला ‘बेकरलू’ म्हणायचा, नेपोलियन जिथे हरला त्या वॉटर्लूच्या चालीवर. दर शंभर पावलांवर थांबून वहीत एक चित्र काढा, नुसत्या रेघांचं. ती सहा-सात चित्रं फळ्यावर ओळीनं काढलीत तर गणिताचे गुरुजीही वर्गात डोकावतील.

वर पोचल्यावर उजव्या हाताला नॉर्थ ब्लॉक, त्या दोन सचिवालयांपैकी एक. त्याच्या प्रवेशकमानीवर इंग्रजीत कोरलेली ओळ शोधा. तिचा अर्थ असा: स्वातंत्र्य लोकांकडे उतरून येत नाही, लोकांनी स्वतःला स्वातंत्र्यापर्यंत वर उचलावं लागतं, हे वरदान उपभोगण्याआधी कमवावं लागतं. शब्द चांगले आहेत. पण ते कुणी कुणासाठी कोरले? राज्यकर्त्यांनी, ज्यांचं स्वातंत्र्य घेतलं त्यांच्यासाठी. आता त्याच्या शेजारी लोकमान्यांचं वाक्य ठेवा: स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच. एक म्हणतो लायक व्हा मग देऊ, दुसरा म्हणतो जन्मतःच माझं आहे. ही भिंत तयार झाली तेव्हा टिळकांचं वाक्य देशभर पोचलेलं होतं. मी दरवर्षी आठवीत यावर वाद लावत असे आणि दरवर्षी कुणीतरी म्हणे, ‘सर, टिळकांच्या वाक्यातही मिळवणारच आहे की.’ हे मूल पुढे काहीही होवो, वाचायला शिकलं.

नॉर्थ आणि साऊथ ब्लॉकमधली कार्यालयं नव्या इमारतींत हलवून इथे राष्ट्रीय संग्रहालय करायचं, असं ठरलेलं आहे. त्यामुळे कुठपर्यंत जाऊ देतात ते त्या-त्या वेळी पोलिसांना विचारा. अडवलं तर वाद घालू नका, विजय चौकातूनही बरंच दिसतं.

राष्ट्रपती भवनात मार्गदर्शक फिरवतात, ३४० खोल्या आणि ३३० एकरांचे आकडे तेच सांगतील. तुम्ही दरबार हॉलसाठी जीव राखून ठेवा. त्याला २०२४ पासून गणतंत्र मंडप म्हणतात. १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळाचा शपथविधी इथे झाला, त्यात बाबासाहेब होते, काकासाहेब गाडगीळ होते. २६ जानेवारी १९५० ला सकाळी १० वाजून १८ मिनिटांनी भारत प्रजासत्ताक झाल्याचं इथेच जाहीर झालं आणि सहा मिनिटांनी राजेंद्रप्रसादांनी शपथ घेतली. ही सहा मिनिटं मुलांना फार आवडतात. देश प्रजासत्ताक झालाय आणि राष्ट्रपती अजून व्हायचे आहेत! खांबांच्या माथ्यावर कोपऱ्यांना दगडी घंटा कोरलेल्या आहेत, त्याही बघून ठेवा. आणि जळगावच्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ या घरात राहिल्या, हे मुलींना वेगळं सांगा.

शनिवारी सर्वोच्च न्यायालय. इथे मी तुम्हाला जरा रेंगाळायला सांगणार आहे, कारण बहुतेक सहली हे ठिकाण वगळतात. लट्यन्स आणि बेकरच्या गावात ही इमारत एका मराठी माणसानं आखली: गणेश भिकाजी देवळालीकर, केंद्रीय बांधकाम खात्याचे प्रमुख झालेले पहिले भारतीय. २९ ऑक्टोबर १९५४ ला राजेंद्रप्रसादांनी कोनशिला बसवली, ४ ऑगस्ट १९५८ ला त्यांच्याच हस्ते उद्घाटन झालं. आराखडा तराजूचा आहे. मधला भाग म्हणजे दांडी, तिथेच सरन्यायाधीशांचं न्यायदालन. दोन्हीकडे पसरलेले भाग म्हणजे पारडी. हे जमिनीवरून चटकन उमगत नाही, म्हणून जाण्याआधी वरून काढलेला फोटो किंवा नकाशा बघून जा आणि तिथे उभ्या राहून स्वतःला विचारा, मी आत्ता कुठल्या पारड्यात आहे? न्यायालयाचं ब्रीद ‘यतो धर्मस्ततो जयः’ दिसेल तिथे थांबा. आवारातलं न्यायिक संग्रहालयही सोडू नका.

या न्यायालयापुढचा रस्ता टिळक मार्ग. मुलांना विचारा, ज्यांना ब्रिटिश न्यायालयांनी राजद्रोहासाठी दोनदा शिक्षा दिली त्यांच्या नावाच्या रस्त्यावर स्वतंत्र भारताचं सर्वोच्च न्यायालय का असावं? नाव नंतर मिळालं, हे खरं. पूर्वी हा हार्डिंज अॅव्हेन्यू होता. आणि कायदामंत्री असताना, संविधानाचा मसुदा घडत होता त्या काळात, बाबासाहेबांचा पत्ता होता १, हार्डिंज अॅव्हेन्यू. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो होतो. बघण्यासारखं असं काही तिथे नव्हतं, गाड्या आणि झाडं. पण परत आल्यावर वर्गात तो रस्ता मी जसा सांगितला तसा दुसरा कुठलाच सांगितला नाही.

रविवारी मेट्रोची पिवळी मार्गिका पकडून सिव्हिल लाइन्सला उतरा आणि २६, अलीपूर रोडला जा. मंत्रिपद सोडल्यावर बाबासाहेब इथे राहिले आणि ६ डिसेंबर १९५६ ला इथेच गेले. मूळ बंगला आता नाही. त्या जागी उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराचं राष्ट्रीय स्मारक आहे, २०१८ मध्ये खुलं झालेलं. जवळच जुनं सचिवालय आहे, आज दिल्लीची विधानसभा. गोल संसद बांधून होईपर्यंत केंद्रीय विधिमंडळ तिथे भरत होतं आणि १९२५ मध्ये विठ्ठलभाई पटेल पहिले भारतीय अध्यक्ष निवडले गेले ते तिथेच. बाहेरून बघितलं तरी चालेल.

लाल किल्ला, कुतुबमिनार, बाजार हे या वेळी सोडा. पायात सवयीची चप्पल किंवा बूट, मूळ आधारकार्ड, खिशात मावणारी छोटी वही. जेवायला कस्तुरबा गांधी मार्गावरचं महाराष्ट्र सदन इंडिया गेटहून चालण्याच्या अंतरावर आहे.

आता वर्ग. परत आल्याबरोबर फोटो दाखवू नका, पोरांनी ते सगळे मोबाईलवर आधीच बघितलेले असतात. संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची पीडीएफ उतरवून घ्या. प्रेमबिहारी नारायण रायजादांनी हातानं लिहिलेली, नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्यांनी सजवलेली. निवडणुकांच्या भागावर, म्हणजे भाग पंधरावर, शिवाजी महाराजांचं चित्र आहे. कुठल्या भागावर आहे ते तुम्ही सांगू नका, त्यांना शोधू द्या. मग शेवटच्या सह्यांची पानं छापून वाटा. मजकूर आणि नेहरूंची सही यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत राजेंद्रप्रसादांची सही तिरकी बसवलेली दिसेल. ती तशी का झाली असेल यावर पोरं अर्धा तास डोकं चालवतात. पंजाबराव देशमुख, केशवराव जेधे, काकासाहेब गाडगीळ, शंकरराव देव, हंसा मेहता अशी नावं एकेकाला वाटून द्या आणि ज्यानं-त्यानं आपल्या माणसाची सही हुडकावी. कुणी देवनागरीत केली आहे, कुणी रोमनमध्ये, कुणी उर्दूत. एका पानावर देश दिसतो.

आणि एक दिवस सगळ्यांना मैदानावर काढा. मधोमध खुंटी ठोका, ४९ फुटांची दोरी बांधा, दुसऱ्या टोकाला एका मुलाच्या हातात फक्की द्या आणि वर्तुळ काढून घ्या. सेंट्रल हॉलच्या घुमटाएवढं, क्षेत्रफळानं कबड्डीच्या पाच मैदानांहून थोडं जास्त. पहिल्या दिवशी २०७ सभासद हजर होते. शाळेचा पट दोनशेच्या आसपास असेल तर सगळी शाळाच आत बसवा. काही जागा मुद्दाम मोकळ्या ठेवा, जे आले नाहीत त्यांच्या. कडेला बसलेल्याला मधलं बोलणं ऐकू येतं का, ते आधी तपासू द्या. मग एका मुलीनं उठून जयकरांचं म्हणणं मांडावं, दुसऱ्यानं विरोध करावा, आणि ज्यानं अजिबात तयारी केलेली नाही अशा एकाचं नाव तुम्ही अचानक पुकारा.

दोरी सुतळीची घेऊ नका, ताणली की वाढते आणि वर्तुळ बिघडतं. नायलॉनचीही थोडी वाढते. माझ्याकडे विहिरीची जुनी, वापरून ताणून झालेली दोरी होती, ती बरोबर बसली.